अम्मांचं पाणी आणि किनाऱ्याची वाट



बाहेरगावी निघायचं असलं की आपण शेवटचं पाणी किती वाजता पितो? हसू नका, खरं उत्तर द्या. गाडी सकाळी सहाला सुटणार असेल तर रात्री झोपताना अर्धा पेला. सकाळी चहाचे दोन घोट. मग मुक्कामाला पोहोचेपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं. पुरुषांना हे सांगूनही समजत नाही, कारण त्यांची अडचण कुठल्याही झाडाआड सुटते. आपण मात्र ढाब्यावरच्या संडासाचं दार उघडतो आणि तसंच लावून परत येतो. मी स्वतः अशी कितीतरी दारं लावली आहेत.

माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा, या बाबतीत माझ्या चार पावलं पुढे. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, खाली बसून उठता येत नाही. त्यात नमाजाची पाबंदी. वजू टिकेल का, परत करायला पाणी मिळेल का, कपडे पाक राहतील का, या काळजीने त्या प्रवासाच्या आदल्या दिवसापासूनच पाणी तोडायच्या. गेल्या वर्षी एका लग्नाहून आल्या आणि तिसऱ्या दिवशी थंडीताप भरला. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग. दवाखान्यात पाच दिवस काढले. डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, ‘आजी, या वयात पाणी तोडलंत तर मूत्रपिंडापर्यंत जाईल.’ अम्मांनी मान डोलावली आणि त्यातून स्वतःचा अर्थ काढला. पाणी तोडायचं नाही ना? ठीक, मग प्रवासच नको. त्यानंतर त्यांनी सख्ख्या भाचीचं लग्न सोडलं. दाभोळ खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात त्यांचं माहेर. तिथे जायचा विषय निघाला की म्हणायच्या, ‘तुमी जावा गे. माझा सलाम सांगा.’

तेव्हा यांनी कॅरव्हॅनची गोष्ट काढली. झोपायच्या बाकांची, छोट्या ओट्याची आणि मुख्य म्हणजे आत कमोड असलेली गाडी. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळतात हे कानावर होतं. पण ते श्रीमंतांचं कौतुक, असंच मी धरून चालले होते. हिशोब मांडला तेव्हा गाडीभाडं आणि पाच माणसांच्या आठ रात्रींच्या खोल्या यांच्या बेरजेपेक्षा थोडंच जास्त निघालं. स्वस्त नव्हे, हे आधीच सांगते. आम्ही त्या वर्षीची दुसरी सगळी सुट्टी रद्द केली.

शब्दाचीही गंमत पाहा. कारवाँ हा फारसी शब्द, इंग्रजांनी नेला आणि चाकं लावून कॅरव्हॅन म्हणून परत पाठवला. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्या-उन्हाळ्याच्या ज्या सफरींचा उल्लेख आहे, ते असेच काफिले. अम्मांना यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘संडास त्याच गाडीत नि नमाज पण त्याच गाडीत?’ प्रश्न अगदी रास्त. कमोडची टाकी खालून बंद, बाहेरून काढता येणारी, आणि आम्ही नमाज गाडीत पढणारच नव्हतो. आत उभं राहायला दोघींपुरतीही सलग जागा नसते आणि फर्ज नमाजात, ज्याला जमतं त्याने उभं राहायचंच असतं. गाडी थांबवायची, बाजूचा कापडी आडोसा ओढायचा, त्यामागे जानमाज. अम्मांच्यासाठी खुर्ची.

पनवेलहून निघून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, गुहागर आणि शेवटी रत्नागिरी. महामार्गाने गेलं तर एका दिवसाचा रस्ता. आम्ही आठ दिवस घेतले.

पहिल्या दिवशी रेवदंड्यापर्यंत अम्मांनी बाटलीचं झाकण उघडलं नाही. मी काही बोलले नाही. काशिदच्या पुढे सुरूच्या झाडांशेजारी गाडी थांबवली, यांना आणि मुलांना वाळूवर पिटाळलं आणि अम्मांना म्हटलं, ‘एकदा आत जाऊन तर या.’ त्या गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा की जणू कुणी त्यांचं मोठं कर्ज फेडलं होतं. मग ओट्याजवळ उभ्या राहून अख्खा पेला पाणी प्यायल्या. मी खिडकीतून समुद्र बघतेय असं दाखवलं.

पाण्याचं मात्र मोजूनमापून. आमच्या गाडीत शंभरेक लिटरची टाकी. मुलं नळ सोडून दात घासत, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी टाकी तळाला गेली. अम्मांनी नातवंडांना समोर बसवलं आणि लोटाभर पाण्यात संपूर्ण वजू करून दाखवला. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वजू करीत, म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर. हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण घरी नळाखाली वजू करताना बादलीभर सांडतो. टाकीचा काटा समोर दिसला की ती हदीस बरोबर लक्षात राहते. मुलीने नंतर पैज लावून अर्ध्या लिटरमध्ये केला, पण पायांपाशी तिने लबाडी केली असा भावाचा आरोप आहे.

मुरूडला राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा पाहिला. हबशी सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना, पोर्तुगीजांना, इंग्रजांना कुणालाच घेता आला नाही. नावच मुळी अरबी जझिरा, म्हणजे बेट. शिडाच्या होडीतून उतरून दरवाजाच्या पायऱ्यांवर पाऊल टाकणं अम्मांना शक्य नव्हतं. मुलं बापाबरोबर गेली, आम्ही दोघी धक्क्यावर. येणारी-जाणारी शिडं बघत दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत मला माझ्या सासूबद्दल वीस वर्षांत कळलं नव्हतं ते कळलं. लग्न होऊन त्या मुंबईला आल्या त्या बोटीने. त्या काळी कोकणची बोट दाभोळला लागायची. सगळा किनारा डोळ्यांपुढून गेला असणार, पण उलट्यांनी हैराण झालेली नवी नवरी ट्रंकेवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली होती. ‘मंग काय बघनार?’ त्या म्हणाल्या. ‘डोळे उगडले तवा भाऊचा धक्का.’ पुढे एसटीने माहेरी जाणं-येणं झालं, ते महामार्गाने चिपळूणवरून. म्हणजे किनाऱ्यावर जन्मलेल्या या बाईने किनारा पाहिलाच नव्हता.

आगरदांड्याहून दिघीला गाडी फेरीबोटीने नेली. भरतीची वेळ होती, गाडी अलगद चढली, अलगद उतरली. आम्हाला वाटलं, हे असंच असतं.

दिवेआगरपासून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला लाटा, मध्ये अरुंद डांबर. गाडी वीसच्या वेगाने चालली होती, मागून मोटरसायकलवाले शिव्या घालत पुढे जात होते. त्या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये माड-पोफळींच्या रांगा अजून विरळ दिसतात. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ इथेच आदळलं. सुपारीचं झाड फळायला वर्षं लागतात, त्यामुळे वादळ दोन तासांत जातं पण बागाईतदाराचं उत्पन्न कितीतरी वर्षांसाठी जातं. श्रीवर्धनला ज्यांच्या अंगणात रात्री गाडी लावली, त्या घरच्या बाई नव्या लावलेल्या रोपांना नातवंडांसारखं एकेकाच्या नावाने दाखवत होत्या.

अंगणांबद्दल इथेच सांगून टाकते, कारण कुणी जायचं ठरवलं तर उपयोगी पडेल. धोरणात कॅरव्हॅन पार्क आहेत, पण आमच्या वाटेवर गाडीला वीज-पाणी जोडून देणारी जागा आम्हाला एकही सापडली नाही. आम्ही घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांकडे विचारत गेलो. एक खोली घ्यायची, तिथे हे, मुलगा आणि चालकदादा झोपणार, आणि अंगणात गाडी. वीज त्यांच्या प्लगवरून, पाणी विहिरीच्या पंपावरून, कमोडची टाकी त्यांच्या संडासात रिकामी करायची परवानगी आधीच फोनवर मागायची. टाकी यांनी स्वतः रोज रिकामी केली. आईच्या सोयीसाठी मुलाने एवढं करावं यात नवल नाही, पण मी नोंद करून ठेवते आहे. गाडी सपाटीवर लावा, नाहीतर रात्रभर सगळे एका बाजूला घरंगळतात. आणि गावातल्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधल्या पाणंदींत ही गाडी मुळीच घालू नका. आम्ही एकदा घातली. वर विजेच्या तारा, खाली गडगे, मागे रिक्षा. अर्धा गाव मदतीला आला.

नमाजाचीही एक घरगुती गंमत. सासर कोकणी, शाफई मसलक. मी मिरजेकडची, हनफी. शाफईंना सफरीत जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. आम्हा हनफींची नमाज कसर होते, पण प्रत्येक नमाज आपापल्या वक्तालाच. त्यामुळे अम्मा दुपारी एका वजूत मोकळ्या, आणि असरसाठी गाडी थांबायची ती माझ्या एकटीसाठी. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. दुसऱ्या दिवसापासून अम्माच पडदा सरकवून चालकाला सांगायच्या, ‘दादा, सूनबाईंची येळ झाली, बरी जागा बघा.’ आणि जागा काय एकेक मिळाल्या! आपल्या या किनाऱ्यावर किब्ला समुद्राकडे असतो. जानमाज टाकली की समोर पाणीच पाणी. खाण्यातही तसंच. हर्णैच्या वाळूवर संध्याकाळचा मासळीचा लिलाव लागतो, तिथून अम्मांनी तिसऱ्या घेतल्या. त्या मला चालत नाहीत. अम्मांनी आधी माझ्यासाठी बांगडे तळले आणि मग स्वतःच्या तिसऱ्यांचं सुकं केलं, वेगळ्या भांड्यात. वीस वर्षं हेच चाललं आहे आणि एकदाही कुणी कुणाला फतवा दिलेला नाही.

हर्णैहून दापोलीवरून दाभोळला आलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. शेवटच्या फेऱ्यांपैकी एक पकडायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं, म्हणजे रात्री अम्मांच्या माहेरी, असा यांचा बेत. जेटीवरच्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकांच्या मागे किती पत्रा लोंबतोय ते पाहिलं आणि मान हलवली. पाणी पार खाली गेलं होतं. जेटीचा उतार लांब, शेवाळलेला, आणि त्याला टेकलेला बोटीचा रॅम्प उलट वर चढणारा. लहान गाड्या जात होत्या, पण आमच्या गाडीचं शेपूट त्या खोबणीत घासलं असतं आणि खालच्या टाक्या फुटल्या असत्या. ‘उद्या पाणी चढल्यावर या.’

हे भयंकर चिडले. आठ दिवसांत पहिल्यांदाच आवाज चढला. पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले, माहेरची माणसं जेवायला थांबलेली. अम्मा खिडकीशी बसून शांतपणे म्हणाल्या, ‘आज चांदाची चौदा. सांजचं पानी तळाला जानारच. मला इचारलं असतंस तर सकाळीच सांगितलं असतं.’

मग कळलं की हा हिशोब त्यांना लहानपणापासून येतो. किनाऱ्यावर तिथीचं पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. आपला चांद दिसतो तो साधारण बीजेचा, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवायचा. चौदाचे झाले पंधरा, त्याचं पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. अगदी घड्याळ लावावं इतकं नेमकं नाही, पण होडी काढायला पुरेसं. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अम्मा दर महिन्याच्या तेरा-चौदा-पंधराचे नफिल रोजे ठेवायच्या, डॉक्टरांनी थांबवेपर्यंत. त्यामुळे उधाणाचे दिवस त्यांना न चुकता ठाऊक. घरात भिंतीवर हिजरी कॅलेंडर आम्हीही लावतो. त्यात समुद्र आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

अशी ती रात्र दाभोळला काढली. एके काळी विजापूरच्या आदिलशाहीचं हे मोठं बंदर, हजला जाणारी जहाजं इथून तांबड्या समुद्राकडे सुटत. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं, लुटलं, आणि तरी ते पुन्हा उभं राहिलं. जेटीपासून जवळच ती सतराव्या शतकातली मशीद आहे, विजापुरी घाटाची, मोठा घुमट आणि कोपऱ्यांवर मिनार. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. सांगतात ते असं, की विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला निघून लवाजम्यासह इथवर आली. पुढचा सागरी मार्ग धोक्याचा, जहाज सोडता येईना. तेव्हा आलिमांच्या सल्ल्याने हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. मगरिबनंतर मी अम्मांना हात धरून तिथपर्यंत नेलं. त्या बाहेरच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘बिचारी. इथवर आली नि पानी आडवं आलं.’ नंतर यांच्याकडे बघून, ‘पन तिनं आरडाओरडा केला नाय.’ हे हसले. राग तिथेच संपला.

रात्री खाडीपलीकडचे दिवे दिसत होते. ‘दाभोळ’ नावाने देशभर गाजलेला वीजप्रकल्प खरं तर पलीकडे, गुहागर तालुक्यात आहे. त्याचा झगमगाट एका बाजूला आणि काळोखात विखुरलेले चार-दोन पिवळे ठिपके दुसऱ्या बाजूला. अम्मांनी बोट दाखवलं, ‘त्यो तिथं.’ मला त्यातला नेमका कुठला ते कळलं नाही. चांदणं होतं, पाणी पुन्हा चढायला लागलं होतं, आणि अम्मांनी न सांगता दोन पेले पाणी पिऊन टाकलं.

या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, रेवस ते रेडी सागरी महामार्गाचा बेत जुना आहे. पूल झाले की आपल्यासारख्या सहलीवाल्यांना ही बोटींची मौज राहणार नाही, असं कुणी हळहळलं की मला राग येतो. रात्री अपरात्री बाळंतीण पलीकडे न्यायची असेल तर भरतीची वाट कोण बघणार? पूल व्हावेतच.

सकाळी दहाला गाडी बोटीवर चढली, शेपूट न घासता. पलीकडे उतरून थोड्या वेळात गाव आलं. अम्मांचे भाऊ वारले, भाचे आखातात, घराला कुलूप. शेजारच्या जैतूनखालांनी किल्ली आणली. पडवी झाडलेली होती, विहिरीवर नवा रहाट होता. जेवायला बोलावणारे शेजारीच, रात्रीचं जेवण त्यांनी दुपारी पुन्हा केलं.

जुहरला अम्मांनी गाडीतलं पाणी नको म्हटलं. यांनी विहिरीतून बादली काढली, अम्मांनी लोट्याने वजू केला. पडवीत दोन जानमाजा टाकल्या, एका बाजूला त्यांची खुर्ची. लग्न करून सासरी कायमची गेलेली मुलगी माहेरी थोडक्या मुक्कामासाठी आली तर ती मुसाफिरच, हे त्यांना चांगलं माहीत होतं. वाटेत सात दिवस त्या कसरच पढत होत्या. नियत बांधण्याआधी थोडं थांबल्या, विहिरीकडे बघितलं, आणि मग अल्लाहु अकबर म्हटलं.

माझ्या दोन रकात झाल्या, मी सलाम फेरला आणि बसून राहिले. त्या तिसऱ्या रकातीत होत्या. मग चौथी.

हे पडवीच्या कडेला उभे होते. अम्मांची तस्बीह झाल्यावर हळूच म्हणाले, ‘अम्मा, चार पढलीस?’

‘कसर म्हंजे रुखसत हाय रे आपल्याकडं. सक्ती नाय,’ अम्मा म्हणाल्या. ‘बापाच्या पडवीत मी मुसाफिर कशी?’

मग माझ्याकडे वळून, ‘जा गे, बाटल्या भरून घे हिरीच्या पान्यानं. रत्नागिरीपर्यंत पुरायला पायजे.’